म्हशीवरचं जांभळं आभाळ

जगाला ऋतू तीन असतील, पंचांगवाल्यांना विचारलं तर सहा. कोल्हापूरला एक जादा आहे. अंगातली थंडी अजून गेलेली नसते, नदीपलीकडच्या गुऱ्हाळांचा गोड धूर सकाळी शहरात येत असतो, आणि एके दिवशी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पताका लागलेल्या दिसतात. दोरीवर साड्यांच्या शेजारी अकरा जर्सी वाळत असतात, सगळ्या एका रंगाच्या. भाजीवाली मावशी मेथीची जुडी बांधता बांधता गिऱ्हाइकाला सांगते, की ह्या साली आपला गोलकीपर बारीक झालाय, त्याला दूध पाजाया पायजे. फुटबॉलचा हंगाम सुरू झालेला असतो.

आज शाळेला जाताना स्कूटरवरून हे सगळं बघितलं आणि स्कूटर आपोआप हळू झाली. मी चित्रकलेची मास्तरीण. माझा चेंडूशी संबंध म्हणाल तर शाळेत असताना एकदा तो तोंडावर बसला होता, तेवढाच. पण या दिवसांत पताका हलल्या की माझं मन वर्गात थांबत नाही. पोरं समोर फुलदाणी काढत असतात आणि मी खिडकीतून बाहेर कान देऊन उभी असते. कुठून तरी ढोल येतो. मग त्या एका हंगामाचे वास सुटतात. ओल्या भिंतीचा, नव्या रंगाचा, म्हशीचा आणि कटिंग चहाचा.

तेव्हा मी आर्ट कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होते. पेठ वडगावहून रोज एसटीनं यायचे. महापालिकेनं आमच्या कॉलेजातले चौघं निवडले होते, शहरातल्या भिंतींवर चित्रं काढायच्या नव्या उपक्रमासाठी. इंटर्नशिप. वडिलांचं वडगावच्या बाजारात बियाण्यांचं दुकान आहे. त्यांना मी हा शब्द सांगितला तेव्हा ते मिरचीच्या बियांचं पाकीट चिकटवत म्हणाले, "म्हंजे फुकट राबायचं. त्याला इंग्रजी नाव दिलंय एवढंच." मला राग आला, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी मात्र हवेत होते. आयकार्ड गळ्यात घालून मी एसटीत बसायचे, आणि कंडक्टरनं ते वाचावं म्हणून जरा पुढं झुकायचे.

उपक्रम ज्यांच्या डोक्यातून निघाला ते घोरपडे साहेब पाणीपुरवठ्याचे अभियंते. चित्राबित्राशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण त्यांना थुंकीनं रंगलेल्या भिंतींचा फार राग. वर्षभर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर ढकलत त्यांनी मंजुरी आणली होती. पहिल्या दिवशी आम्हा चौघांना त्यांच्या टेबलासमोर उभं करून ते म्हणाले, "आयुक्त मॅडमनी एक भिंत दिलीय. एकच. ती नीट झाली तर दरवर्षी पोरं घेऊ. पण गल्लीतनं एक जरी लेखी तक्रार आली तर भिंतीला चुना आणि उपक्रमाला टाळं. ध्यानात ठेवा." आम्ही माना हलवल्या. तक्रार कशाला येईल, चित्र तर काढायचं होतं.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला त्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. कॉलेजातली चित्रं कपाटात जातात, मार्क पडतात, वाळवी खाते. भिंतीवरचं चित्र दूध आणायला निघालेला माणूसही बघतो, त्याची इच्छा असो वा नसो. आपल्या हातचं काहीतरी या शहरात उन्हात उभं राहणार म्हटल्यावर मला जेवण जात नव्हतं. आई म्हणायची, पोरगीला नजर लागलीया.

भिंत होती वरच्या पेठेतल्या पाण्याच्या टाकीची. पेठेचं खरं नाव सांगत नाही, सांगितलं तर मला त्या गल्लीतून स्कूटर घालता यायची नाही. वरची आणि खालची म्हणू. दोन पेठा, दोन तालमी, त्या तालमींचेच दोन फुटबॉलचे संघ आणि मध्ये एक रस्ता. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लग्नं जुळतात, उसनी साखर जाते, मयताला खांदा दिला जातो. फक्त हंगाम सुरू झाला की नव्वद मिनिटांपुरतं कुणी कुणाचं नसतं.

आम्हाला शिकवायला साहेबांनी रशीदचाचांना आणलं होतं. एके काळी शहरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या चाचांच्या हातच्या. फ्लेक्स आला आणि त्यांचे ब्रश खोक्यात गेले. दहा वर्षांनी त्यांना अख्खी भिंत मिळत होती. पहिल्या सकाळी त्यांनी आम्हाला ब्रशला हातच लावू दिला नाही. पाइप घेतला आणि भिंतीवर पाणी मारायला लावलं. "आदी तिला पाणी पाजायचं," ते म्हणाले. "ती प्यायची थांबली की मग रंग." उन्हात तापलेल्या सिमेंटमधून तो वास आला, आणि मी डोळे मिटून उभी राहिले. चाचांनी मग सुताची दोरी निळीत बुडवली, दोन टोकांना दोघांना धरायला लावली आणि मध्ये चिमटीत धरून सोडली. फट्. भिंतीवर सरळ रेघ. त्या रेघेच्या मी प्रेमात पडले. नंतर दोन दिवस मी जिथं गरज नाही तिथंही दोरी मारत होते. चाचा बघायचे आणि म्हणायचे, "दस साल बाद भिंत मिळालीया बेटी. मस्ती करू नको."

काय काढायचं हे गल्लीनं ठरवायचं होतं. आम्ही छापील फॉर्म घेऊन घरोघर फिरलो. कुणी पैलवान सांगितला, कुणी देवी. एका आजीबाईंनी विचारलं, "काढलंच पायजे काय? नुसती सवच्छ ऱ्हाऊ द्या की." पण सगळ्यात जास्त मतं पडली म्हशीला. संध्याकाळी त्या गल्लीच्या चौकात म्हशी येतात, समोर धार काढतात, आणि फेसाळ दुधाचा ग्लास लोक उभ्या उभ्या रिकामा करतात. कोल्हापुरात हे सांगायची गरज नाही, पण बाहेरचे पाहुणे बघत राहतात. मग ठरलं. म्हैस, धार, ग्लास, आणि मागे संध्याकाळ.

म्हैस होती दिनकरआण्णांची. आण्णा तालमीचे जुने गोलकीपर, आता अध्यक्ष. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी, चेंडू अडवून अडवून. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतला कुत्रा उठावा. त्यांनी म्हशीला धुऊन, शिंगांना तेल लावून भिंतीसमोर उभी केली. "बगून काढा. कासेत चूक काढली तर चालायची न्हाय. गल्लीतली बारकी पोरंबी वळखत्यात तिला." आम्ही चार दिवस ती म्हैस बघितली. मला अजूनही ती झोपेत काढता येईल.

शुक्रवारी चाचा नृसिंहवाडीला गेले, एका पेढ्याच्या दुकानाची पाटी रंगवायला. जाताना बजावलं, "आभाळ मी आल्यावर. तवर पाय नीट करा. तुमची म्हस लंगडी दिसतीया." इतकं साधं सांगणं. पण मी काय ऐकतेय. दुपारपर्यंत पाय झाले. पुढं काय करायचं? समोर ती मोठी रिकामी जागा, ओली, पाणी पिऊन तयार. संध्याकाळ व्हायला आली आणि टाकीच्या मागं आभाळ खरोखर जांभळं झालं. आता ह्याला माझा काय इलाज. मी रंगात मिसळायच्या जांभळ्या स्टेनरची बाटली उघडली. बाकीचे तिघं म्हणाले, चाचा ओरडतील. मी म्हटलं, "मी बघून घेतो." आमच्याकडच्या मुली येतो-जातोच म्हणतात, आणि तसं म्हटलं की अंगात जरा बळ येतं. जांभळा मारला. त्यावर ढगांचे पांढरे पट्टे हवे होते. ते चाचांच्या दोरीनं मारले, आडवे, एकसारखे, सरळ, खालपासून वरपर्यंत. रस्त्यापलीकडं जाऊन बघितलं. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. एक सायकलवाला थांबला, भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, घंटी वाजवून गेला. दोन बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं, भारावल्या.

आता वर्गात पोरांना मी रंगचक्र शिकवते. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग शोभतो, थंड कुठला, उष्ण कुठला. रंगाला गल्ली असते, हे पुस्तकात नाही. ते मला दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, शिकवलं गेलं.

एसटीतून उतरून मी आले तर भिंतीसमोर ही गर्दी. मला वाटलं चित्र बघायला जमलेत. मी हसत हसत पुढं गेले, तशी गर्दी बाजूला झाली आणि मध्ये दिनकरआण्णा दिसले, हातात दुधाची किटली.

"ह्यो रंग कुणी सांगितला?"

"कुणी नाही. मीच लावला."

"खालच्या पेठंतली हाईस?"

"वडगावची."

"तरीच," आण्णा म्हणाले. मग त्यांनी किटली खाली ठेवली आणि वाकड्या बोटानं भिंतीकडं दाखवलं. "आमची टाकी. आमची म्हस. आन् तिच्यावर त्यांची जर्सी घातलीस व्हय?"

मी भिंतीकडं बघितलं. जांभळा, त्यावर पांढरे पट्टे, एकसारखे, सरळ. मग वळून रस्त्यापलीकडं बघितलं. खालच्या पेठेच्या तोंडाशी पताका वाऱ्यावर हलत होत्या. जांभळ्या-पांढऱ्या. रोज त्यांच्याखालून येत होते मी.

"उद्या मॅच हाय त्यांच्यासंगं," आण्णा सांगत होते. "त्यांची पोरं आत्ताच फोटू काढून गेली. म्हणाली, आण्णा, म्हस कधी आमच्यात आली? सगळ्या मोबाइलवर फिरतंय."

"आण्णा, मी आत्ताच्या आत्ता पुसतो."

"हात लावायचा न्हाय." आण्णांचा आवाज चढला. "आता पुसलंस तर काय म्हणतील? वरची पेठ भ्याली. रंगाला भ्याली. मॅच हुईपर्यंत कुणी बोट लावायचं न्हाय भिंतीला."

ठेवायचं नाही आणि पुसायचंही नाही. असा पेच फक्त कोल्हापुरातच पडतो. आण्णांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तालमीचं लेटरपॅड, खाली सह्याच सह्या. "सोमवारी तुमच्या आयुक्त मॅडम भिंत बगाया येणार न्हवं? त्यांच्या हातात देतो." कागद परत खिशात गेला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तू उद्या मॅचला ये. रंग म्हंजी काय असतो ते बघ एकदा."

मी घोरपडे साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी आज रजेवर आहे असं समज." मागं त्यांच्या ऑफिसातला पंखा ऐकू येत होता.

दुपारी चाचा आले, हातात पेढ्यांचा बॉक्स. भिंतीसमोर कितीतरी वेळ उभे राहिले. मी बाजूला, मान खाली. "आभाळाला उतार बराबर आलाय," ते म्हणाले. मग कट्ट्यावर बसले. "सांगितलं होतं ना बेटी मी." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तिथंच रडायला लागले. त्यांची दहा वर्षांनी आलेली भिंत, पुढं येणाऱ्या पोरांच्या सगळ्या भिंती, सगळं माझ्या एका उतावळेपणानं चुन्याखाली चाललं होतं. चाचांनी बॉक्स उघडून पेढा पुढं केला. "खा. रडायला पण ताकद लागती."

रविवारी मैदानावर गेले ती हिशेब मनात घेऊनच. वरची पेठ जिंकली तर माणसं खुशीत असतील, गुलाल उडेल, आण्णांचा कागद खिशातच राहील. हरली, आणि तीही जांभळ्याकडून, तर संपलंच. एसटीत बसल्यापासून मी दत्ताला, अंबाबाईला, वडगावच्या ग्रामदैवताला, ज्याला सांगता येईल त्याला सांगत होते, वरची पेठ जिंकू दे.

आण्णांच्या सूनबाईंनी मला त्यांच्या शेजारी बसवलं. पायऱ्यांवर अख्खी पेठ. शेंगदाण्याची पुडी, डोक्यावर टॉवेल, मांडीवर पोरं. समोरच्या पायऱ्या जांभळ्या. माझ्या भिंतीचा रंग हजार माणसांच्या अंगावर, हलणारा, ओरडणारा. मी आधी त्याच्याकडं बघणारच नव्हते. मग बघितलं, आणि लाज वाटली, कारण तो सुंदर दिसत होता.

पहिली दहा मिनिटं मी भिंतीचा विचार करत होते. मग आमच्या सात नंबरच्या पोरानं दोघांना चकवून चेंडू असा काही नेला, की मी उभीच राहिले. ‘आमच्या’ म्हणाले मी, बघा. कधी ते ‘त्यांचं’ गेलं आणि ‘आमचं’ आलं, मला सांगता यायचं नाही. त्यांनी गोल केला तेव्हा मी डोक्याला हात लावून खाली बसले. आम्ही बरोबरी केली तेव्हा मी सूनबाईंच्या गळ्यात पडले, त्यांच्या मांडीवरच्या पुडीतले शेंगदाणे खालच्या माणसाच्या डोक्यावर. तो वळून म्हणाला, "असू दे, असू दे, नाद खुळा!" माझा आवाज बसला. ढोल छातीत वाजत होता. भिंत, मॅडम, कागद, सह्या, काही नव्हतं. एक हिरवं मैदान होतं आणि चेंडू.

शेवटच्या मिनिटाला आम्ही हरलो. चेंडू खांबाला लागून आत गेला. समोरच्या पायऱ्या पेटल्यासारख्या उठल्या, आणि आमच्याकडं इतकी शांतता झाली, की आमच्या मागं भेळवाला कांदा चिरत होता तेही ऐकू आलं. मी ढसाढसा रडत होते. आण्णा पायऱ्या उतरताना माझ्यासमोर थांबले.

"रडतीस कशाला? तुझं आभाळ जिंकलं की."

"खांबाला लागला होता आण्णा," मी हुंदके देत म्हणाले. "दोन बोटं इकडं असता तर बाहेर गेला असता."

आण्णा माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या खिशातून कागदाचं टोक बाहेर दिसत होतं. ते पाहिल्यावर मला भिंत आठवली, आणि मी अजून रडले.

सोमवारी आयुक्त मॅडम आल्या. घोरपडे साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चेहरा शाळेत अंगठे धरून उभ्या केलेल्या पोरासारखा. चाचा हात मागं बांधून कडेला. सगळी गल्ली दारात. रस्त्यापलीकडं खालच्या पेठेची चार पोरं मोटारसायकलींवर, जर्सी घालून, मजा बघायला. मॅडम भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, म्हशीसमोर थांबल्या, हसल्या. "फारच छान," म्हणाल्या. मग गल्लीकडं वळून त्यांनी तो प्रश्न विचारला, "कुणाची काही तक्रार आहे का?"

"हाय," दिनकरआण्णा म्हणाले.

घोरपडे साहेबांनी डोळे मिटले.

"पाणी येत न्हाय," आण्णा म्हणाले. "ह्याच टाकीचं. सकाळी अर्धा तास, ते बी करंगळीएवढं. म्हस धुवायला पुरत न्हाय."

मॅडमनी साहेबांकडं बघितलं. "घोरपडे, टाकी तुमच्याच विभागाची ना?" साहेबांनी डोळे उघडले. पाण्याची तक्रार आल्याचा इतका आनंद झालेला अभियंता मी पुन्हा बघितला नाही. "आणि चित्राबद्दल?" मॅडमनी विचारलं.

"चित्राचं काय?" आण्णांनी खिशातला कागद काढला, चार तुकडे केले, परत खिशात कोंबले. "ठेवा ते." मॅडम साहेबांना पुढची भिंत कुठली ते विचारत पुढं गेल्या. मी आण्णांना गाठलं. पाया पडायचंच बाकी होतं. मी म्हणाले, "आण्णा, कसं मन मोठं केलंत."

"मन बिन काय न्हाय," आण्णा तोडून बोलले, आणि मोटारसायकलींकडं मान केली. "काल हरलोय आम्ही. हरल्यावर भिंतीची तक्रार दिली तर ही पोरं जलमभर म्हणतील, मैदानात जमलं न्हाय म्हणून चुन्याचा डबा घिऊन आले. ते आमच्यात न्हाय चालत. काल जिंकलो असतो, तर आज ही भिंत पांढरी असती. सह्या झालत्या की."

मला ते कळायला एक क्षण लागला. म्हणजे ज्यासाठी मी साऱ्या देवांना साकडं घातलं होतं, ते घडलं असतं तर सगळं गेलं असतं. तो चेंडू खांबाला लागून आत गेला म्हणून माझी म्हैस उभी होती, चाचांची रेघ उभी होती, आणि पुढच्या वर्षी चार पोरं रंगाचे डबे घेऊन कुठल्या तरी भिंतीसमोर उभी राहणार होती. मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. टाकायला गेले, पण डोळ्यांपुढं तो खांबच.

"पण आण्णा," मी म्हणाले, "पुढच्या साली जिंकायचंच."

"मग तुझी भिंत जाईल की."

"जाऊ दे," मी म्हटलं.

पलीकडं उभ्या चाचांनी कपाळावर हात मारून घेतला.